ॲटली सरकारची चार खाती: विमा, कोळसा, दवाखाना आणि घर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं, पावसुद्धा रेशनवर गेला होता, तरीही त्या देशानं सगळ्यांना मोफत दवाखाना आणि म्हातारपणी पेन्शन दिलं. मग त्याच सरकारला १९४७ च्या हिवाळ्यात साधी वीज का पुरवता आली नाही? घरांसाठी लोकांना रिकाम्या लष्करी छावण्यांत का घुसावं लागलं? आणि हे सगळं पाहता ते सरकार यशस्वी म्हणायचं की अपयशी?

माझी नोकरी पुरवठा आणि नियोजनाच्या कामात गेली. पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना हा कालखंड वर्गात अनेकदा घेतला. त्यामुळे माझी नजर गोदामवाल्याची आहे: साठा किती, आवक किती, वाटप कुणाला. विचारसरणीच्या भांडणात मला फारसा रस नाही, आणि या बाबतीत ती भांडणं दिशाभूलच जास्त करतात असं माझं मत आहे.

त्या सरकारची जी कामं कायदा करून, मालकी बदलून आणि नोंदवह्या एकत्र करून होण्यासारखी होती, ती ठरल्या तारखेला झाली. ज्या कामांना खाणीतून किंवा बोटीतून माल यावा लागतो, ती अडली. विमा आणि इस्पितळं पहिल्या प्रकारात येतात, कोळसा आणि घरं दुसऱ्या. मंत्रिमंडळ तेच, पंतप्रधान तेच, एवढंच काय, इस्पितळं आणि घरं ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती.

आधी टंचाई नेमकी कशाची होती ते पाहू. जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष ३९३ जागा घेऊन निवडून आला. क्लेमेंट ॲटली पंतप्रधान झाले (आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ते सायमन कमिशनमधले सदस्य म्हणूनही आठवतील). महिनाभरात, ऑगस्टमध्ये, अमेरिकेनं युद्धकाळातली उधार-उसनवारीची योजना तडकाफडकी बंद केली. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स वॉशिंग्टनला गेले आणि डिसेंबरमध्ये ३७५ कोटी डॉलरचं कर्ज २ टक्के व्याजानं घेऊन आले. त्याचा शेवटचा हप्ता फिटला २००६ च्या अखेरीस. सरकारकडे पौंडांची चणचण नव्हती, कर बसवून पौंड मिळत होते. चणचण होती डॉलरची, कारण गहू, लाकूड, पेट्रोल, तंबाखू, यंत्रं यांतलं बरंच काही डॉलर मोजून आणावं लागत होतं. डॉलर कमवायला निर्यात हवी, निर्यातीला कारखाने हवेत, कारखान्यांना कोळसा हवा.

याच हिशेबात आपलाही एक रकाना होता. युद्धात भारतातून घेतलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे ब्रिटननं रोख न देता लंडनमध्ये खात्यावर मांडून ठेवले होते. ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या बरीच वर गेली होती. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. १९४४ मध्ये युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतानं हा प्रश्न काढला तेव्हा त्या शिष्टमंडळात ते होते, आणि पुढच्या वाटाघाटींतही त्यांचा वाटा मोठा आहे. ‘कंगाल ब्रिटननं कल्याणकारी राज्य उभारलं’ असं म्हणताना त्या काळात लंडनच्या खातेवहीत आपली येणी गोठलेली होती, हे मराठी वाचकानं विसरू नये. त्या पैशातून इस्पितळं बांधली असा मात्र अर्थ काढू नका. देणं लांबवल्यानं डॉलरचा ताण थोडा सुसह्य झाला, एवढंच.

आता विमा. विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये आला आणि सरकारी अहवाल असूनही लाखांनी खपला. (बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील तिथे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये.) गरजूपणा, रोग, अज्ञान, बकाली आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढायचं, ही भाषा त्यातलीच. अंमलबजावणी करणारे मंत्री जेम्स ग्रिफिथ्स हे वेल्समधले जुने खाणकामगार. १९४६ चा राष्ट्रीय विमा कायदा ५ जुलै १९४८ पासून पूर्ण लागू झाला. नोकरी करणाऱ्या प्रौढ पुरुषानं आठवड्याला ४ शिलिंग ११ पेन्स भरायचे (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). आजारपण, बेकारी किंवा म्हातारपण आलं की एकट्याला २६ शिलिंग, नवरा-बायकोला ४२ शिलिंग मिळायचे. सगळ्यांना हप्ता सारखा आणि लाभ सारखा.

हे काम कागदाचं होतं, आणि कागदाचं काम ब्रिटिश नोकरशाहीला उत्तम येत होतं. विम्याच्या जुन्या सोसायट्या, स्थानिक कार्यालयं, पोस्टाची तिकिटं हे सगळं आधीपासून होतंच. न्यूकॅसलजवळ लाँगबेंटनला मध्यवर्ती नोंदणी कार्यालय उभं राहिलं आणि कोट्यवधी खाती एका छपराखाली आली. त्याआधी, ऑगस्ट १९४६ पासून, दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलामागे ५ शिलिंगचा कुटुंबभत्ता सुरू झाला होता. तो थेट आईच्या हातात पडावा यासाठी खासदार एलिनॉर रॅथबोन आयुष्यभर झगडल्या. भत्ता मिळू लागण्याच्या काही महिने आधी त्या गेल्या.

इथे दोन गोष्टी मला खटकतात. एक, बेव्हरिज यांनी पूर्ण पेन्शन वीस वर्षांत हळूहळू वाढवत न्यावं असं सुचवलं होतं, म्हणजे निधी साठायला वेळ मिळाला असता. सरकारनं १९४६ मध्येच पूर्ण दर देऊन टाकला. माणुसकीच्या दृष्टीनं बरोबरच होतं, पण त्याच दिवशी ‘विमा’ हा शब्द अर्धा नावापुरता उरला. आजच्या कामगाराचा हप्ता आजच्या म्हाताऱ्याला जाऊ लागला. दोन, लाभ सगळीकडे सारखा असला तरी घरभाडं सारखं नसतं. लंडनमधल्या खोलीचं भाडं आणि एखाद्या खेड्यातलं भाडं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. त्यामुळे २६ शिलिंगांत ज्यांचं भागत नव्हतं त्यांना राष्ट्रीय साहाय्य मंडळाच्या दारात उत्पन्नाची चौकशी करवून घ्यावी लागली. ही चौकशी तिसाच्या दशकात लोकांच्या मनात घर करून बसलेली नामुष्की होती, आणि ती काढून टाकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. मंडळाकडे येणारे लोक हळूहळू संपतील ही अपेक्षा होती. ते वाढत गेले.

तरीही एकूण परिणाम नाकारता येत नाही. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरात केलेल्या पाहणीत १९३६ साली कामगारवर्गातले ३१ टक्के लोक गरिबीत आढळले होते, १९५० साली ३ टक्क्यांहून कमी. पुढच्या अभ्यासकांनी ही घट फुगलेली आहे असं दाखवलं. मला वाटतं, घटीचं निम्म्याहून जास्त श्रेय विम्याचं नसून हाताला काम असण्याचं आहे. बेकारी दोन टक्क्यांच्या आसपास राहिली तर कुठलीही विमा योजना शोभून दिसते.

आता कोळसा. इथे जरा थांबावं लागेल, कारण घरांचं दुखणंही इथूनच निघतं.

मे १९४५ मध्ये ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात अन्युरिन बेव्हन (पुढे या सरकारचे आरोग्यमंत्री) यांनी टोला मारला होता: हे बेट कोळशाचं बनलेलं आहे आणि भोवती माशांचा समुद्र आहे, अशा ठिकाणी एकाच वेळी कोळसा आणि मासे यांची टंचाई करायला एखादा संघटन-महापुरुषच लागेल. टोला चर्चिल यांच्या दिशेनं होता. दोन वर्षांच्या आत बेव्हन यांचं स्वतःचं सरकार दिवसा घराघरांतली वीज तोडत होतं.

आकडे सरळ आहेत. १९३८ मध्ये ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २२ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला, १९४५ मध्ये १८ कोटी ३० लाख टनांच्या आसपास. तरुण पोरं सैन्यात आणि शस्त्रांच्या कारखान्यांत गेलेली, खाणीत उरलेले पन्नाशीकडे झुकलेले. युद्धात कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी (हे बेव्हिन वेगळे, आरोग्यमंत्री बेव्हन वेगळे) चिठ्ठ्या टाकून सुमारे ४८ हजार पोरांना बंदुकीऐवजी खाणीत पाठवलं होतं. युद्ध संपल्यावर ती हळूहळू परतली. ज्या बापांनी मंदीत खाणमालकांची टाळेबंदी भोगली ते मुलांना सांगत होते, दुसरं काहीही कर, खाली उतरू नकोस. हे मन वळवायला राष्ट्रीयीकरण हवं होतं, हा सरकारचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. १ जानेवारी १९४७ ला आठशेच्या वर खासगी कंपन्यांच्या खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आल्या. भरपाई ठरली १६ कोटी ४६ लाख पौंड. खाणींवर फलक लागले की ही खाण आता जनतेच्या वतीनं मंडळ चालवतं. फलक बदलला तरी खालची कोळशाची शीर तीच होती, पट्टे जुनाट होते, आणि अनेक खाणींत मॅनेजरही तोच होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पण उत्पादन कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अपयश आलं ते साठ्यात. वीजकेंद्रं जवळपास सगळी कोळशावर चालायची, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या आवारात काही आठवड्यांचा साठा असायला हवा होता. १९४६ च्या उन्हाळ्यात हा साठा भरलाच नाही. पंतप्रधानांच्या कचेरीतले आर्थिक सल्लागार डग्लस जे वारंवार टिपणं पाठवत होते की हिशेब जुळत नाही. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांचं उत्तर ठरलेलं: खाणकामगार आपल्याला दगा देणार नाहीत. भावना म्हणून ठीक, पण साठ्याचा तक्ता भावनेनं भरत नाही. तुटीचा अंदाज आला की तीन महिने आधी, बिनगर्दीच्या काळात, मोठ्या ग्राहकांचं वाटप थोडं थोडं कापायचं असतं. तसं केलं तर शिव्या बसतात, आणि संकट टळल्यावर तर दुप्पट बसतात, कारण मग लोक म्हणतात की उगाच कापलं. शिनवेल यांनी त्या शिव्या टाळल्या. कारखान्यांच्या वाटपात कपात ठरली तीही जानेवारी उजाडल्यावर, उशिरानं आणि अपुरी.

दुसरी एक चूक कमी बोलली जाते. घरगुती कोळशावर नियंत्रण होतं, विजेवर नव्हतं, आणि वीज स्वस्त होती. शेगडीला कोळसा मिळेना म्हणून लोकांनी विजेचे हीटर घेतले. बाजारात हीटर मुबलक येऊ दिले ते याच सरकारनं. एका वस्तूला शिधा लावला आणि तिच्या पर्यायाला मोकळं सोडलं की मागणी त्या दारानं बाहेर पडते. आपल्याकडे रॉकेल आणि डिझेलच्या बाबतीत आम्ही हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे परिणाम उलटा झाला: जो टन कोळसा घरात जाळला असता तोच वीजकेंद्रात जाळून, वाटेत बरीच उष्णता गमावून, हीटरमध्ये पोहोचला.

जानेवारी १९४७ च्या शेवटच्या आठवड्यात बर्फ सुरू झालं आणि मार्चच्या मध्यापर्यंत देश गारठलेला राहिला. खाणींच्या तोंडाशी कोळसा होता, पण वॅगन रुळांवर गोठल्या. ईशान्येकडच्या बंदरांतून लंडनला कोळसा नेणारी जहाजं वादळात आणि बर्फात अडकली. ७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, शिनवेल यांनी लोकसभेत अचानक जाहीर केलं की सोमवारपासून लंडन व आग्नेय इंग्लंड, मिडलँड्स आणि वायव्येतल्या कारखान्यांची वीज बंद, आणि घरांची वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद. दोन दिवसांची सूचना! मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनाही त्याची कल्पना जेमतेम आली होती. बेकारांचा आकडा काही दिवसांत वीस लाखांच्या वर गेला. दूरचित्रवाणी बंद, साप्ताहिकं दोन आठवडे बंद, कचेऱ्यांत मेणबत्त्या. सैनिक, पोलिश तुकड्या आणि जर्मन युद्धकैदी रुळांवरचं बर्फ उपसत होते. मग बर्फ वितळलं आणि पूर आले.

हवामानाला दोष देणं सोपं आहे. थंडीनं संकट आणलं नाही, उघडं पाडलं. साठा पुरेसा असता तर तीच थंडी कारखान्यांना आठ-दहा दिवसांच्या अडचणीत निभावता आली असती. आणि राष्ट्रीयीकरणाला दोष देणंही तितकंच पोकळ आहे, कारण मंडळाचं वय तेव्हा जेमतेम पाच आठवडे होतं. विरोधकांनी ‘शिनवेलसोबत कुडकुडा, स्ट्रेचीसोबत उपाशी राहा’ अशी घोषणा काढली. जॉन स्ट्रेची हे अन्नमंत्री. त्यांच्या काळात, जुलै १९४६ मध्ये, युद्धातसुद्धा कधी न लागलेलं पावाचं रेशन लागलं आणि दोन वर्षं राहिलं. जगभर धान्याचा तुटवडा होता, आणि ब्रिटनच्या ताब्यातल्या जर्मन भागालाही खायला घालायचं होतं. पावाच्या रेशननं गहू फारसा वाचला नाही, राग मात्र भरपूर साठला.

मला विचाराल तर त्या सरकारचं कंबरडं याच हिवाळ्यानं मोडलं. निर्यात बुडाली, डॉलर आणखी वेगानं आटले. त्यात अमेरिकी कर्जाच्या अटीप्रमाणे १५ जुलै १९४७ ला पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याची मुभा द्यावी लागली. इतकी झुंबड उडाली की २० ऑगस्टला ती मागे घेतली. पेट्रोलचा खासगी मोटारींचा साधा कोटाच रद्द झाला. लाकडाची आयात कापली गेली, म्हणजे घरं कापली गेली. शिनवेल यांना ऑक्टोबरमध्ये हलवून ह्यू गेट्स्केल यांना आणलं. त्यांनी येताच लोकांना आंघोळी कमी करण्याचा सल्ला दिला, आणि चर्चिल यांना संसदेत आयतं खाद्य मिळालं. गंमत सोडा, गेट्स्केल हा आकड्यांचा माणूस होता. साठा भरून ठेवण्याची शिस्त त्यांच्या काळात आली आणि पुढचे हिवाळे निभले.

दवाखान्याकडे वळू. इथे हेच सरकार वेगळंच वाटतं. बेव्हन हे ट्रेडेगरचे, तेराव्या-चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेले. त्यांच्या गावात कामगारांनी वर्गणी काढून चालवलेली वैद्यकीय साहाय्य सोसायटी होती, म्हणजे कल्पना त्यांना घरचीच. १९११ च्या जुन्या विम्यात कामगाराला डॉक्टर मिळायचा, त्याच्या बायको-मुलांना नाही. धर्मादाय इस्पितळं देणग्यांवर चालायची आणि देणग्या आटल्या होत्या. युद्धात हवाई हल्ल्यांतल्या जखमींसाठी सरकारनं आपत्कालीन सेवा उभारून सगळ्या इस्पितळांच्या खाटा मोजल्या, राखून ठेवल्या आणि त्यांचे पैसे भरले. सार्वजनिक मालकीचा अर्धा रस्ता हिटलरच्या बाँबहल्ल्यांनीच कापून दिला होता.

मंत्रिमंडळात खरा वाद हर्बर्ट मॉरिसन यांच्याशी झाला. ते लंडनच्या महापालिका राजकारणातून वर आलेले, त्यांना इस्पितळं नगरपालिकांकडे हवी होती. बेव्हन म्हणाले, मग श्रीमंत गावाला चांगलं इस्पितळ आणि गरीब गावाला खराब. त्यांचं चाललं. इंग्लंड-वेल्समधली १,१४३ धर्मादाय आणि १,५४५ पालिकांची इस्पितळं ५ जुलै १९४८ ला एकाच सेवेत आली. १४ प्रादेशिक मंडळं नेमली गेली, अध्यापन इस्पितळांना वेगळा कारभार मिळाला. त्या दिवशी एकही नवी खाट तयार झाली नाही. ज्या होत्या त्याच खाटा एका हिशेबात आल्या.

डॉक्टरांचा विरोध कडवा होता. फेब्रुवारी १९४८ च्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मतदानात विरोध साधारण नवास एक असा होता. बेव्हन यांनी फूट पाडली, आणि ती व्यवस्थित पाडली. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांच्यामार्फत बड्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण, सरकारी इस्पितळात खासगी खाटा आणि गुणवत्तेच्या नावानं जादा मानधन देऊ केलं. त्यांची तोंडं आपण सोन्यानं भरली, असं बेव्हन पुढे म्हणाल्याचं सांगतात. गल्लीतल्या डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही हे कायद्यानं लिहून दिलं, आणि दवाखाने विकण्याचा हक्क गेला म्हणून ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई बाजूला काढली. शुद्धतावाद्यांना हे आजही टोचतं. मला हा त्या सहा वर्षांतला सर्वांत कसलेला सौदा वाटतो. ज्यांच्याशिवाय योजना चालणारच नाही त्यांना आधी किंमत द्यायची, आणि रुग्णाकडून दारात पैसे घ्यायचे नाहीत या एका मुद्द्यावर मात्र तसूभर हलायचं नाही.

मग खर्चाचा गोंधळ. बेव्हरिज यांनी आरोग्यसेवेला वर्षाला १७ कोटी पौंड धरले होते, आणि वीस वर्षांनंतरही तेवढेच धरले होते, कारण लोक बरे होत जातील तसा खर्च वाढणार नाही असं त्यांना वाटलं. पहिल्याच वर्षात ५० लाखांहून जास्त चष्मे गेले आणि ८५ लाखांच्या आसपास लोकांनी दात दाखवले. पुरवणी मागण्यांवर पुरवणी मागण्या आल्या आणि अर्थखात्यानं उधळपट्टी म्हणून बोंब ठोकली. पण हे चष्मे चैनीचे नव्हते. वर्षानुवर्षं बाजारातून स्वस्तात उचललेल्या भिंगांवर दिवस काढणारी, मुलांच्या पोटासाठी स्वतःचं दुखणं अंगावर काढणारी बायकामाणसं प्रथमच रांगेत उभी होती. साचलेली गरज आणि दरवर्षीची गरज यांतला फरक अंदाजपत्रक करणाऱ्यांना कळला नाही. कुठलीही योजना नव्यानं मोफत झाली की पहिल्या दोन वर्षांचा आकडा कधीच कायमचा धरू नये, हे मी वर्गात शिकवत असे ते याच उदाहरणावरून.

या बोंबेचा राजकीय शेवट वाईट झाला. कोरियाच्या युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम आला. एप्रिल १९५१ मध्ये, आता अर्थमंत्री असलेल्या गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर निम्मं शुल्क लावलं. पहिल्या वर्षी वाचणार होते फक्त १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन यांनी राजीनामा दिला, सोबत व्यापारमंत्री हॅरॉल्ड विल्सनही गेले. पुढे कंझर्व्हेटिव्ह सरकारनं खर्च तपासायला गिलबो समिती नेमली. तिनं १९५६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नातला या सेवेचा वाटा १९४८-४९ मधल्या पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरला आहे. म्हणजे ज्या उधळपट्टीवरून मंत्रिमंडळ फुटलं ती उधळपट्टी नव्हतीच. उलट समितीचं म्हणणं होतं की इस्पितळांच्या इमारतींवर खर्च फारच कमी होतोय. विटा आणि पोलाद तिथेही पोहोचत नव्हतं. नव्या इस्पितळांची मोठी योजना यायला १९६२ उजाडलं. तोवर व्हिक्टोरियन काळातल्या गरीबगृहांच्या इमारतींतच बरंच काम चाललं. साठच्या दशकात आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांना जी लाल विटांची उदास इस्पितळं भेटली ती यातलीच.

घरं शेवटी घेतली, कारण वरचं सगळं इथे येऊन मिळतं. मार्च १९४५ च्या श्वेतपत्रिकेत साडेसात लाख घरांची तातडीची गरज धरली होती. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागणार होती, कारण परतलेल्या सैनिकांनी लग्नं केली. १९४७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ८ लाख ८१ हजार बाळं जन्मली. बेव्हन यांच्याकडे आरोग्याबरोबर हेही खातं होतं, आणि डॉक्टरांशी कुस्ती चालू असताना त्यांनी याकडे किती वेळ दिला असेल हा रास्त प्रश्न आहे.

त्यांचं धोरण स्पष्ट होतं. घरं नगरपालिकांनी बांधायची, भाड्यानं द्यायची. खासगी बांधकामाला परवाने थोडेच, साधारण चार पालिकेच्या घरांमागे एक. आणि तीन खोल्या झोपायच्या असलेलं घर ९०० चौरस फुटांपेक्षा लहान नको. एक-दोन वर्षं आपल्याला घरांच्या संख्येवरून तोलतील, दहा वर्षांनी घरांच्या प्रतीवरून, असं ते म्हणत. प्रतीच्या बाबतीत ते खरे ठरले: त्या वेळची पालिकेची घरं आजही मागणीत आहेत.

चुकलं ते मंजुऱ्यांच्या गर्दीत. १,४०० च्या वर स्थानिक संस्थांना निविदा मंजूर होत गेल्या, आणि प्रत्येकीनं एकदम खणायला घेतलं. गवंडी आणि सुतार जेवढे होते तेवढेच, तेही अजून फौजेतून सुटत होते. वीट भाजायला कोळसा, सिमेंटला कोळसा, छपराला डॉलरचं लाकूड. परिणामी जोत्यापर्यंत आलेली घरं ढिगानं आणि किल्ली देण्याजोगी थोडी. १९४६ मध्ये जेमतेम ५५ हजार पक्की घरं पुरी झाली, १९४७ मध्ये १ लाख ४० हजारांच्या आसपास. त्यानंतर नवी कामं रोखून हातातली पुरी करायचं ठरलं, आणि १९४८ मध्ये आकडा सव्वादोन लाखांवर गेला. ज्यानं बांधकाम खातं चालवलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही: कार्यादेश कमी काढले की घरं जास्त होतात.

मधली सोय म्हणून कारखान्यात तयार होणारी, जागेवर जोडायची तात्पुरती घरं आणली. ती १ लाख ५६ हजारांवर बांधली गेली. त्यांतली ॲल्युमिनियमची घरं विमानांच्या कारखान्यांत बनत. दहा वर्षांसाठी बांधलेल्या या घरांत फ्रिज आणि बसवलेलं स्वयंपाकघर होतं, जे पक्क्या घरांत राहणाऱ्या अनेकांनी पाहिलंही नव्हतं. ती अपेक्षेपेक्षा बरीच महाग पडली. पण लंडनच्या कॅटफर्डमधली त्यांची एक वसाहत एकविसाव्या शतकापर्यंत टिकली, आणि तिच्यातली सहा घरं २००९ मध्ये वारसा म्हणून नोंदवली गेली.

ज्यांना ही घरंही मिळाली नाहीत ते थांबले नाहीत. १९४६ च्या उन्हाळ्यात स्कन्थॉर्पजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत काही कुटुंबं शिरली. बघता बघता देशभर हजाराहून जास्त छावण्यांत सुमारे ४६ हजार माणसं राहू लागली. सरकारनं इथे शहाणपणा दाखवला: पालिकांना सांगून पाणी-वीज जोडली, भाडं लावलं, रहिवास नियमित केला. पण सप्टेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाकारानं लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या श्रीमंती इमारती ताब्यात घेतल्या गेल्या, तेव्हा पोलिसांचा वेढा, कोर्टाचा हुकूम आणि पुढाऱ्यांना अटक. टिनाच्या झोपड्यांना मान्यता आणि सदनिकांना वेढा, हा फरक लोकांच्या लक्षात राहिला. लंडनची गर्दी हलवायला आखलेल्या नव्या शहरांवरूनही राग होता: नगरनियोजन मंत्री लुईस सिल्किन १९४६ मध्ये स्टीव्हनेजला गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या मोटारीची हवा सोडली आणि स्टेशनच्या पाटीवर रशियन थाटात ‘सिल्किनग्राड’ लिहिलं.

यश की अपयश, या प्रश्नाला माझं उत्तर खातेनिहाय आहे. विम्याला चांगले गुण, भाड्याचा प्रश्न सोडून दिल्यामुळे थोडे कापून. आरोग्याला सर्वांत जास्त. घरांना बरे: १९५१ पर्यंत दहा लाखांहून अधिक पक्की घरं झाली, आणि अमेरिकी लाकडाच्या टंचाईत ती झाली हे विसरू नये. कोळशाच्या १९४६ च्या साठ्याला मात्र मी नापास करीन, आणि बाकीच्या सगळ्या खात्यांचे गुण तिथेच कमी झाले असं मानतो.

मतदारांनी काय केलं तेही पाहा. ऑक्टोबर १९५१ मध्ये मजूर पक्षाला कंझर्व्हेटिव्हांपेक्षा जास्त मतं पडली, पण जागा २९५ विरुद्ध ३२१. चर्चिल परत आले आणि विमा, दवाखाने, कोळसा मंडळ यांतलं काहीच त्यांनी मोडलं नाही. वर्षाला तीन लाख घरांचं वचन त्यांचे गृहनिर्माण मंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये पुरं केलं. त्यासाठी बेव्हन यांचं क्षेत्रफळ कापलं आणि खासगी बिल्डरांना परवाने मोकळे केले. रेशन जुलै १९५४ मध्ये मांसाबरोबर संपलं. घरगुती कोळशावरचं नियंत्रण त्यानंतरही १९५८ पर्यंत चाललं, आणि चांगला कोळसा निर्यातीला जात असताना घरी मिळायची ती हलकी भुकटी. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस बसलेल्या आणि तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे ४ हजार बळी घेणाऱ्या धुरक्यात घराघरांच्या शेगड्यांतल्या या हलक्या कोळशाचाही हात होता. स्वच्छ हवेचा कायदा त्यातूनच १९५६ मध्ये आला.